एकसष्टावं मत

मी आयुष्यात एकच निवडणूक लढवली आणि ती जिंकले. घरात नातवंडांना हे सांगितलं की ती हसतात. "आजी, तू आणि खजिनदार?" असं म्हणतात. त्यांचं हसणं बरोबर आहे. भाजीवाल्यानं परत दिलेले पैसे मला अजून दोनदा मोजावे लागतात, आणि दोन्ही वेळा वेगळे भरतात. पण मी खजिनदार होते. एकशे एकवीस मुलींच्या मतदानात मी निवडून आले होते, आणि त्याचा पश्चात्ताप मी अजून करते.

सन बावन्नची गोष्ट. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलिस ॲक्शनला चार वर्षं होत आली होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं आणि आमची मुलींची शाळा औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, एका दुमजली इमारतीत भरायची. आता तिथं मोटारींचे टायर विकतात. आधी शाळेत सगळं उर्दूत चालायचं. मग एक वर्ग उर्दूचा आणि एक मराठीचा असं झालं. मी मराठी वर्गात होते आणि माझ्या बाकावर, माझ्या उजव्या हाताला, बिल्किस बसायची.

बिल्किसला तिच्या वडलांनी मुद्दाम मराठी वर्गात घातलं होतं. दाऊदचाचा एका सरकारी कचेरीत हिशेबनीस होते. "अब इस जबान का जमाना है बेटा," असं ते तिला म्हणाले होते म्हणे. पहिल्या सहामाहीत तिला 'ळ' म्हणता येत नव्हता. दुसऱ्या सहामाहीत निबंधात तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डबा उघडला, पहिला घास माझ्यापुढं धरला आणि मी तो खाल्ला, म्हणजे भांडण संपलं. त्यांच्या घरात तसंच होतं. आपल्या ताटात आधी वाढून घेणं म्हणजे बेअदबी. पाहुणा असो, भाऊ असो, शेजारीण असो, आधी समोरच्याला. आमच्या घरी आत्या वाढायला बसली की आम्ही चुलतभावंडं पुरणपोळीवर तुटून पडायचो, त्यामुळं मला त्यांच्या घरी जेवायला गेलं की गुदमरायला व्हायचं. सगळे एकमेकांना "तू घे, तू घे" म्हणत बसायचे आणि जेवण गार होऊन जायचं.

त्या वर्षी देशात पहिली निवडणूक झाली होती. आमच्या यमुनाआत्यानं मत द्यायच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि तिथल्या अधिकाऱ्यानं तिला हात जोडून बाहेर काढलं, ही गोष्ट गल्लीत महिनाभर पुरली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका मनकर्णाबाईंच्या अंगात निवडणूक संचारली होती. त्या नागपूरकडच्या. खादीचं पातळ, आखूड अंबाडा, आणि कुठल्याही गोष्टीचं 'शास्त्र' सांगायची सवय. प्रार्थना झाली आणि त्या म्हणाल्या, "आजपासून ही शाळा एक राज्य आहे."

राज्याला मुख्यमंत्री हवी, आरोग्यमंत्री हवी, शिस्तमंत्री हवी. मुख्यमंत्री मुली निवडतील आणि बाकीच्या मंत्री मुख्यमंत्री नेमेल. इथपर्यंत सगळ्यांना समजलं. मग बाई म्हणाल्या, "खजिनदार मात्र मुख्यमंत्री नेमणार नाही. तिला तुम्ही सगळ्यांनी वेगळं मत देऊन निवडायचं."

आम्ही एकमेकींकडं पाहिलं.

"अमेरिकेत कितीतरी राज्यांत असंच असतं," बाई म्हणाल्या. "राज्याच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या हाती, त्याला लोक स्वतः निवडतात. का? तो मुख्यमंत्र्यानं नेमला तर मुख्यमंत्र्याच्या ताटाखालचं मांजर होईल. लोकांनी निवडला तर तो मुख्यमंत्र्याला तोंडावर 'नाही' म्हणू शकतो. कळलं?"

वर्गणीचा पत्र्याचा डबा, वाचनालयाची फी, काच फोडल्याचा दंड, गॅदरिंगचा खर्च, हे सगळं खजिनदारानं सांभाळायचं होतं. तिच्या सहीशिवाय डब्यातून दमडी निघणार नव्हती, अगदी मनकर्णाबाईंना खडू हवे असले तरी. काम मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावरही असणार, म्हणून शाळेच्या कमिटीनं ठरवलं की खजिनदाराला वर्षभराची फी माफ.

आता एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. मला ती तेव्हा माहीत नव्हती, पण तुम्हाला माहीत असली पाहिजे, नाहीतर तुम्ही माझ्यासारखेच हसत हसत पुढं जाल. दाऊदचाचांची नोकरी त्या मार्चमध्ये सुटली होती. कचेरीतले कागद इंग्रजी-मराठीत गेले आणि उर्दूत हिशेब लिहिणाऱ्यांची गरज कमी झाली. ते शहागंजात एका हिमरू कापडाच्या दुकानात वही लिहायला बसायचे. फी महिन्याला तीन रुपये होती, तीही कलदार, म्हणजे दिल्लीच्या रुपयात. बिल्किसला दोन धाकटे भाऊ होते. पैसे दोघांच्या फीचे होते, तिघांच्या नाही. फी माफ झाली नसती तर बिल्किसचं नाव शाळेतून निघणार होतं. हे तिनं मला सांगितलं नाही. तिच्या घरात आपलं दुखणं दुसऱ्यासमोर मांडणं हीसुद्धा बेअदबीच होती. कडक इस्त्रीचा फ्रॉक, दोन वेण्या, रिबिनी. मला काय कळणार?

बिल्किसनं पहिल्याच दिवशी अर्ज भरला. मी भरणार नव्हते. मला पाढे सतराच्या पुढं कधी आलेच नाहीत. पण वच्छला नावाची एक दहावीतली ढालगज मुलगी मुख्यमंत्रिपदाला उभी होती. ती पाण्याच्या माठापाशी मोठ्यानं म्हणाली, "केशवराव वकिलांच्या दमयंतीला कुठलं पद देणार गं? ती तर आपल्या बोटांवर पण चुकते." सगळ्या हसल्या. माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असायचा. मी तशीच ऑफिसात गेले आणि खजिनदाराचा अर्ज भरला. वच्छलेला दाखवायचं होतं. बिल्किसही त्याच पदाला उभी आहे हा विचार मला अर्ज दिल्यावर आला, आणि आला तसा गेला.

तिला सांगितलं तेव्हा तिनं आधी सुटलेली रिबीन नीट बांधली. मग म्हणाली, "अच्छा झालं. कुणी का होईना, आपल्या बाकावरचीच होईल."

मग पंधरा दिवस प्रचार. मनकर्णाबाईंनी उमेदवारांची सभा ठेवली. तेव्हा बाजारात दोन नाणी चालायची, निजामाचा हाली रुपया आणि कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. तमाम दुकानदार ते चुटकीसरशी करायचे आणि आम्ही मुली त्याच्या नावानं रडायचो. बाईंनी भर सभेत विचारलं, "बिल्किस, बेचाळीस हालीचे कलदार किती?"

"छत्तीस, बाई." प्रश्न संपायच्या आत.

"दमयंती, एकवीस हालीचे?"

मी वर पाहिलं, खाली पाहिलं, बोटं पाठीमागं नेली. "बाई, एकवीस ते एकवीसच. पैसे ते पैसे. माणसानं असा भेदभाव करू नये."

सगळी सभा हसून लोटपोट झाली. लहान वर्गातल्या मुली तर बाकांवर नाचल्या. त्या एका उत्तरानं मला तीस मतं मिळाली असतील. उरलेली यमुनाआत्याच्या चिंचेच्या गोळ्यांनी. चिंच, गूळ, जिरं, मीठ घालून ती गोळ्या करायची. मी रोज फ्रॉकच्या खिशातून पन्नास गोळ्या नेत होते आणि प्रत्येकीच्या हातावर ठेवून "मला मत देशील ना?" असं विचारत होते. आज याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तेव्हा मी त्याला प्रचार म्हणत होते.

बिल्किसचा प्रचार निराळा होता. ती मधल्या सुट्टीत पाचवी-सहावीच्या मुलींना हाली-कलदार शिकवायची. पाटीवर सात उभ्या रेघा, त्यातली एक पुसायची, राहिल्या सहा. कुणी विचारलं, "मत कुणाला देऊ?" तर म्हणायची, "मला दिलंस तर मेहेरबानी. दमयंतीला दिलंस तरी काही हरकत नाही." मी एकदा हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, असं म्हणतात का? माग ना त्यांच्याकडं नीट!"

"मागितलं ना."

"हे मागणं झालं? तू मत मागतेयस की पान लावून देतेयस?"

ती खूप हसली. तिचे समोरचे दोन दात थोडे एकमेकांवर चढलेले होते, हसली की ती हात तोंडाशी न्यायची. ते हसणं मला आजही डोळ्यांसमोर जसंच्या तसं दिसतं. त्या दोन-अडीच आठवड्यांइतकी मजा मी पुढं कधी केली नाही. पावसाची उघडीप होती, मैदानात गवत आलं होतं, गल्लीत हिमरूच्या मागांची खटखट चालायची आणि आम्ही दोघी एकमेकींच्या विरोधात उभ्या असूनही रोज एकाच डब्यातून खात होतो.

मतदान शनिवारी झालं. मोठ्या निवडणुकीत होती तशीच पद्धत बाईंनी ठेवली, प्रत्येक उमेदवाराचा वेगळा डबा आणि डब्यावर चित्र. माझ्या डब्यावर आंबा, बिल्किसच्या डब्यावर कंदील. दोन्ही बिस्किटांचे रिकामे डबे, झाकणाला चीर पाडलेली. शिवणाच्या खोलीत पडदा लावला. आपली चिठ्ठी घ्यायची, एकटीनं पडद्याआड जायचं, हव्या त्या डब्यात टाकायची आणि बोटाला शाई लावून बाहेर यायचं.

माझा नंबर आला. पडद्याआड मी आणि दोन डबे. आपल्याला आपलंच मत देता येतं का, हा प्रश्नसुद्धा माझ्या डोक्यात आला नाही. आमच्या घरात आपली पोळी आपण ओढून घ्यायची रीत होती. चिठ्ठी आंब्यात टाकली, बोटाला शाई लावली, बाहेर आले. माझ्या मागं बिल्किस गेली. तिला जरा वेळ लागला. रांगेतल्या मुली "झोपली का गं?" म्हणून ओरडल्या.

चार वाजता बाईंनी सगळ्यांसमोर मोजणी केली. कंदील साठ. आंबा एकसष्ट.

माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. मुलींनी मला उचललं, कुणाचं तरी कोपर माझ्या डोळ्यावर लागलं. बिल्किसनं जुईची एक माळ माझ्या गळ्यात घातली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "मुबारक. माझं मत पण तुझ्याच डब्यात आहे."

"माझ्या? का?"

"स्वतःला कसं देणार गं? बरं दिसतं का ते?"

एवढं बोलून ती माझ्याकडं पाहत राहिली. ती कशाची वाट पाहत होती ते मला तेव्हाही कळलं. तिला वाटत होतं मी म्हणेन, 'माझं तुझ्या डब्यात आहे.' मी शाईचं बोट फ्रॉकमध्ये लपवलं, जसं काही शाईवरून कळणार होतं. मी नुसतं हसले. ती पण हसली, पण हात तोंडाशी नेला नाही.

खजिनदारी मला दहा दिवससुद्धा झेपली नाही. सोमवारी डब्यात अठरा रुपये होते, बुधवारी एकोणीस, आणि मधे कुणी काही भरलं नव्हतं. हाली आणि कलदार एकाच खान्यात टाकल्यावर दुसरं काय होणार? वच्छला मुख्यमंत्री झाली होती आणि रोज दारात उभी राहून "हिशेब दाखव" म्हणायची. शेवटी गुरुवारी शाळा सुटल्यावर मी डबा आणि वही घेऊन सरळ बिल्किसच्या घरी गेले. ती दोन दिवस शाळेत आली नव्हती. मला वाटलं, ताप असेल.

दार तिच्या आईनं, मेहरुन्निसाखालांनी उघडलं. आत बिल्किस खाली बसून पुस्तकांना जुन्या ओढणीत बांधत होती. माझी पुस्तकं मी कधी तशी बांधली नव्हती, म्हणून मी विचारलं, "हे काय?"

"मामूच्या पोरीला द्यायचीत," बिल्किस म्हणाली. "देवगाव रंगारीला."

"आणि तू काय वाचणार?"

तिनं ओढणीची गाठ आवळली. उत्तर खालांनी दिलं. त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या, "क्या करना बेटी. फी माफ हो जाती तो साल निकल जाता था. अब नाम निकालना पडता. तू मन को मत लगा, अल्ला की मर्जी." मग त्यांनी माझ्यापुढं शेवयांची बशी ठेवली. मी त्या बशीकडं पाहत राहिले. एका मतानं. मला कुणी काही म्हणालं नव्हतं आणि तरी तोंडात मारल्यासारखं झालं होतं.

मी डबा तिथंच टाकून पळत शाळेत गेले. मनकर्णाबाई अजून ऑफिसात होत्या. मी म्हटलं, "बाई, माझी फीमाफी बिल्किसला द्या."

"माफी पदाला आहे, तुला नाही," बाई म्हणाल्या. "उद्या मला वाटलं म्हणून मी ती कुणालाही दिली, तर निवडणुकीला अर्थ काय?"

"मग मी राजीनामा देते."

बाईंनी चष्मा काढला. "दे. मग आठ दिवसांत पुन्हा निवडणूक घेऊ. बिल्किस उभी राहिली आणि तू प्रचार केलास तर ती निवडून येईल. पण अर्ज तिनं भरला पाहिजे. तो तुला किंवा मला भरता येणार नाही."

मी राजीनामा लिहिला. 'राजीनामा' दोनदा चुकीचा लिहिला, तिसऱ्यांदा बरोबर आला. शुक्रवारी सकाळी, शाळेच्या आधी, तो कागद नाचवत बिल्किसकडं गेले. मला वाटत होतं, ती उडी मारेल. ओट्यावर दाऊदचाचा बसले होते. कागद त्यांनीच आधी वाचला. मराठी वाचायला त्यांना वेळ लागायचा, एकेक अक्षर ओठांवर फिरवत त्यांनी तो वाचला, नीट घडी केली आणि माझ्या हातात परत दिला.

"बेटा, तुम्हारा दिल बडा है," ते म्हणाले. "मगर हम खैरात नइं लेते."

मी बिल्किसकडं पाहिलं. "अगं, खैरात कसली? निवडणूक आहे. तू जिंकशील."

"लोकांनी तुला निवडलंय," बिल्किस हळूच म्हणाली. "एकसष्ट जणींनी. ती गोष्ट तू परत कशी करशील?"

त्या एकसष्टातलं एक मत मी स्वतः टाकलेलं होतं आणि एक तिनं. हे मी तिथं, त्या ओट्यावर, त्या क्षणी बोलायला हवं होतं. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण दाऊदचाचा समोर होते, खाला दारात होत्या, ते सगळे मला 'बडा दिल'वाली म्हणत होते, आणि त्यांच्यासमोर मी हावरट ठरले असते. चौदा वर्षांच्या मुलीला तेवढीशी लाजसुद्धा डोंगराएवढी वाटते. मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं आणि घरी आले. राजीनामा मी फाडून टाकला.

त्या महिन्याची फी भरलेली होती, म्हणून महिना संपेपर्यंत बिल्किस शाळेत येत राहिली. मधल्या सुट्टीत ती माझा हिशेब नीट लावून द्यायची. तिनं वहीला दोन खाने पाडले, एक हालीचा, एक कलदारचा, आणि माझ्या हातानं त्या ओळी लिहून घेतल्या, म्हणजे वच्छलेला संशय येऊ नये. शेवटच्या दिवशी तिनं वही मिटली, "आता चुकणार नाहीस," असं म्हणाली आणि गेली. बाकावर माझ्या उजवीकडं मग एक जालन्याची मुलगी आली. ती चांगली होती. मी तिच्याशी नीट बोलत नसे.

दोन वर्षांनी बिल्किसचं देवगाव रंगारीला लग्न झालं. पत्रिका आली होती. मी गेले नाही, परीक्षा आहे म्हटलं. परीक्षा खरंच होती, पण जायचं असतं तर जाता आलं असतं.

पुढं मी मराठी शिकवलं, लग्न केलं, मुलं झाली, चाळीस वर्षं सरली. शहरात महानगरपालिका आली, मग बायकांसाठी जागा राखीव झाल्या. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या रोजच्या रिक्षावाल्यानं, फारूखनं, मला सांगितलं, "बाई, आमच्या पडेगावात एक ताहेरा मॅडम उभी आहे. बी.कॉम. आहे. तिची अम्मी म्हणत होती, ती तुमच्यासोबत शाळेत होती."

मी त्याला म्हटलं, "आत्ताच घेऊन चल."

दौलताबादच्या रस्त्यानं जाताना मी फारूखला दोनदा रिक्षा हळू चालवायला सांगितलं. पडेगावात एका नव्या घराच्या अंगणात, खुर्चीवर, बिल्किस बसली होती. केस पांढरे, अंगानं भरलेली. तिनं मला फाटकातच ओळखलं. "दमू!" म्हणाली आणि हात तोंडाशी नेऊन हसली. आम्ही कितीतरी वेळ नुसत्या एकमेकींचे हात धरून बसलो. तिचे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली होती. देवगावात त्यांचं धान्याचं दुकान होतं आणि त्याचे सगळे व्यवहार तीच बघायची. ताहेरा मतदार यादी घेऊन बाहेर पडायच्या गडबडीत होती. आईसारखीच उंच, पण बोलायला फटाकडी.

"हिला काय सांगतेस, मत कसं मागायचं?" मी चेष्टेनं विचारलं.

"मागायचं ती स्वतः शिकलीय," बिल्किस म्हणाली. "मी एकच सांगते. आपलं मत आपल्याला द्यायचं. आधी ते, मग दुनिया."

ती हे सहज बोलली. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं.

"बिल्किस," मी म्हटलं, "मी तेव्हा माझं मत मलाच दिलं होतं."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी हिशेबनिसाची पोर." ती शांतपणे बोलत होती. "आपण दोघी सोडून एकशे एकोणीस मुली. त्यातल्या साठ जणींनी मला शब्द दिला होता, तुला एकोणसाठ. माझं मत तुला, तुझं मला. माझी एकसष्ट, तुझी साठ. पडद्याआड उभी राहून मी पुन्हा मोजलं होतं. हिशेब पक्का होता. मी जिंकत होते."

मी तिच्यामागून बोटांवर मोजत होते.

"डबा उघडला आणि कंदील साठ निघाले. माझ्या साठ जणींपैकी एकीनंही शब्द मोडला नव्हता. मग एकच मत राहिलं, तुझं. ते मी चुकीचं धरलं होतं."

"माझी चूक होती," मी म्हटलं.

"नाय गं. स्वतःला मत देणं ही काय चूक आहे? तू बरोबर केलंस, मी येडेपणा केला. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही." पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "वाईट त्याचं वाटलं, की तू राजीनामा घेऊन आलीस आणि गप्प उभी राहिलीस. मी ओट्यावर तुझ्या तोंडाकडं बघत होते. म्हटलं, आता बोलेल. तू एवढं म्हणाली असतीस ना, 'बिल्किस, मी मलाच मत दिलं, म्हणून हे तुझं तुला परत देते', तर मी त्याच दिवशी अर्ज भरला असता. अब्बांनी खैरात घ्यायला मना केली होती. आपलं परत घ्यायला नाही."

मी चाळीस वर्षं त्या डब्यात टाकलेल्या चिठ्ठीची लाज बाळगली होती. तिचं शिक्षण गेलं ते त्या चिठ्ठीनं नाही, माझ्या तोंडातून न निघालेल्या एका वाक्यानं. आणि ते वाक्य त्या दिवशी मी चहाच्या वेळी, खुर्चीत बसून, किती सहज बोलून गेले होते.

मला मोठ्यानं रडू आलं. ताहेरा यादी तशीच हातात धरून दारात थबकली. बिल्किसनं माझा हात सोडला नाही. पण "जाऊ दे" असंही ती म्हणाली नाही.